लंच होम, बोर्डिंग, हिंदू हॉटेल

माटुंगा, मध्य रेल्वेची बाजू. स्टेशनाबाहेर मंडईची इमारत आणि तिच्या पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचे ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’, १९४२ पासूनचे. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनीच किंग्ज सर्कलला ‘कॅफे म्हैसूर’ काढले होते. बोर्डिंगात गल्ल्यावर पैसे भरायचे, कुपन घ्यायचे, बोलावतील तेव्हा आत जायचे. केळीचे पान, दोन-तीन भाज्या, सांबार, रसम, भात, पापड, ताक. वाढपी बादली घेऊन फिरत असतो आणि पानात मोकळी जागा दिसली की विचारतो. अन्न टाकू नका, ही इथली शिस्त. पानावर भाताचा ढीग ठेवून उठणाऱ्याकडे तो ज्या नजरेने पाहतो, तिच्यापुढे पाटीची गरज नाही.

बोर्डिंग एकट्या पुरुषांसाठी असायचे. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळ जेवायचे. लग्न झालेले असले तरी बायको-मुले गावी, आणि इथे तिघा-चौघांत मिळून एक खोली. त्या खोलीत स्टोव्ह पेटवायलाही जागा नसे. आज त्याच बाकांवर नातवंडांना घेऊन आलेली कुटुंबे बसतात आणि पुऱ्यांची मोजदाद करतात.

*

‘रामाश्रय’ त्याच भागात. फळ्यावर दिवसाचे पदार्थ लिहिलेले. उपमा घ्यावा, अननसाचा शिरा एकात दोघांनी घ्यावा, एकट्याला तो जड जातो. पहाटे गेलात तर शेजारी नुकतेच मंदिरातून आलेले, कपाळाला भस्म लावलेले आजोबा. नवानंतर गेलात तर शेजारी ‘माटुंगा फूड वॉक’वाले, इडलीचा फोटो काढता काढता ती थंड करणारे.

*

‘कॅफे मद्रास’, १९४०. रविवारी सकाळी फुटपाथभर माणसे आणि नावे लिहून घेणारा एक जण. नाचणीचा डोसा, रसम-वडा, पोडी लावलेली लोणी-इडली. सांबार माटुंग्यात सगळीकडे एकच असते असे समजणाऱ्याने ‘रामाश्रय’ आणि ‘मद्रास’ एकाच सकाळी करावे. माझे मत ‘मद्रास’च्या रसमला आणि ‘रामाश्रय’च्या कॉफीला. सोमवारी ‘मद्रास’ बंद, हे इथे लिहून ठेवतो.

*

दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेली पोरे टेबल पुसण्यापासून सुरुवात करत. दिवसा फडके, रात्री पाटी. मुंबईत कानडी माध्यमाच्या रात्रशाळा होत्या आणि त्यांत मोठ्या संख्येने हॉटेलांतली मुले शिकत. काम संपले की अंघोळ करून शाळेत जायचे, परत येऊन हॉटेलातच बाके जोडून झोपायचे. पुढे वकील, बँकवाले, स्वतःच्या हॉटेलाचे मालक झालेले कितीतरी जण याच वाटेने गेले. मालकही त्याच गावाकडचा असल्याने पोराला मारी आणि शाळेतही पाठवी. या व्यवस्थेला शोषण म्हणावे की शिष्यवृत्ती, हे ज्याने ते दिवस काढले त्यालाच ठरवू द्यावे.

*

उडुप्याच्या हॉटेलातली भाषा, जशी कानावर आली तशी: एक साधा, दोन मेदू डिप. मसाला कडक. सांबार मारके. दो स्पेशल, एक में शक्कर कम. पार्सल बांधो. गल्ल्यावरचा शेट्टी मात्र फोनवर तुळूत बोलतो.

*

दादर पश्चिम. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, तेही १९६६ च्याच सुमारास, असे सांगतात. वडा काही तेव्हा जन्मला नाही. ‘मामा काणे’ यांचे उपाहारगृह १९१० पासून दादरला आहे आणि वडा ही त्यांची ओळख. पावही गोव्याच्या बेकरीवाल्यांनी केव्हाच घरोघरी पोचवला होता. नवे होते ते एवढेच की आता बसायला नको, बशी नको, चमचा नको. गिरणीची पाळी गाठायची असलेल्या माणसाला खुर्चीचा उपयोग नव्हता. पुढे सेनेने बेकार मराठी पोरांना गाड्या लावायला प्रोत्साहन दिले आणि वडा राजकीय झाला. इडलीला उत्तर म्हणून कुणी वड्याकडे पाहिले असेल तर पाहो. माझ्या ओळखीचे सगळे मराठी लोक सकाळी इडली आणि संध्याकाळी वडा खातात.

*

छबिलदास गल्लीतला ‘श्रीकृष्ण’चा वडा आकाराने मोठा, कीर्ती कॉलेजजवळचा चुऱ्यासाठी प्रसिद्ध. चुरा म्हणजे तळणीत सांडलेल्या पिठाचे कुरकुरीत तुकडे, खरे तर कढईतला कचरा. लोक त्यासाठी प्रभादेवीपर्यंत चालत जातात. मीही.

*

दादरची मराठी उपाहारगृहे: ‘प्रकाश’, ‘आस्वाद’, ‘पणशीकर’, ‘तांबे आरोग्य भुवन’. साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, कोथिंबीर वडी, पियूष, खरवस. ‘आस्वाद’ १९८६ सालचे, सेना भवनासमोरच्या चौकात. २०१५ साली लंडनमधल्या एका पुरस्कारात त्यांच्या मिसळीला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवले गेले आणि आधीच असलेली रांग आणखी लांबली. मिसळ चांगली आहे. जगातली सर्वांत चांगली ठरवायला जगातले सगळे खाल्लेले कोण असते कुणास ठाऊक.

‘प्रकाश’मध्ये मात्र वाद नको. साबुदाणा वडा आत मऊ, बाहेर टणक, दाण्याच्या गोडसर चटणीसह. त्यावर पियूष. ज्या दिवशी उपास नसतो त्याच दिवशी उपासाचे खायला मजा येते, ही महाराष्ट्राची जुनी सवय, आणि दादरने तिच्यावर चार पिढ्यांचे धंदे उभे केले.

*

खूप दिवस मनात असलेली गोष्ट आज नीट लिहून काढतो. मुंबईत उडुप्याचे हॉटेल आहे, इराण्याचे आहे, पंजाब्याचे, सिंध्याचे, मालवण्याचे, मंगळुरी, गुजराती, मोगलाई, चिनी. जे या बेटांवर आधीपासून होते त्यांचे मात्र जवळजवळ नाही. कोळ्यांचे नाही, ईस्ट इंडियनांचे नाही, पाठारे प्रभूंचे नाही. सीकेपींचेही शोधावे लागते. प्रभूंचे भुजणे, आतवण, घडा, शिंगडी हे शब्द मुंबईत जन्मून वाढलेल्या माणसालाही ठाऊक नसतात. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहिले. पुस्तक टिकले, घराघरांत टिकले, हॉटेल एकही निघाले नाही.

कारण साधे असावे. ज्याचे घर इथे होते, त्याला बाहेर जेवायचे कारण नव्हते. हॉटेल त्याच्यासाठी निघाले ज्याची चूल दूर राहिली. म्हणून एखाद्या वस्तीतली जुनी हॉटेले पाहिली की तिथे कोणते पुरुष एकटे येऊन राहिले होते, ते कळते. बायका आल्या, संसार लागले, की त्याच हॉटेलाला ‘फॅमिली रूम’ निघते. पुढच्या पिढीने गाव सोडून उपनगर गाठले की हॉटेलावर ‘स्थापना’चे साल मोठ्या अक्षरांत येते.

याला अपवाद सापडतील. सापडले की लिहीन.

*

डबेवाला हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा ज्यांची बायको मुंबईत होती त्यांची. गोरेगाव-बोरिवलीची चूल फोर्टात पोचवायची. ज्याला डबा नाही तो लंच होममध्ये.

*

फोर्ट. लंच होम ही दुपारची जात. साडेअकराला पडदा वर, तीनला बाके उलटी. कारकून, बँकवाले, वकिलांचे मदतनीस. मालवणी-गोमंतकी आणि मंगळुरी अशा दोन शाळा. पहिलीत सोलकढी, तिसऱ्या, रवा लावून तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी. दुसरीत गस्सी, नीर डोसा, खोबऱ्याचा रस्सा जास्त दाट आणि लाल मिरची जास्त बोलकी. ‘महेश लंच होम’, ‘अपूर्व’, ‘तृष्णा’ ही दुसऱ्या शाळेतली नावे आता मोठी झाली आहेत. ‘तृष्णा’त तर लोणी-लसणीतला खेकडा खायला विमानाने माणसे येतात. मला पहिल्या शाळेतले छोटे, पंखा कुरकुरणारे, टेबल शेअर करायला लावणारे गोमांतक बरे वाटते. समोर अनोळखी माणूस बसला की आपण काटा नीट काढतो.

आता कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. त्यांच्यामागे लंच होम गेले नाही, कारण तिथे रस्त्यालगत गाळाच नाही. तिथले लोक दुपारी गाडी काढून वांद्रे पूर्वेच्या ‘हायवे गोमांतक’ला येतात. मधल्या साहेबांची चांगली सोय झाली, चपराशाचे काय, हे विचारायला हवे.

*

१ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. हे ६१ दिवस माशांच्या हॉटेलात पापलेट मागणाऱ्याला पापलेट मिळते, पण ते शीतगृहातले. त्या दिवसांत सुक्या बोंबलाची चटणी, सुकट, जवळा, खाडीची मासळी खावी. वेटर प्रामाणिक असला तर विचारल्यावर सांगतो. विचारले नाही तर त्याचा दोष नाही. पाठोपाठ श्रावण. श्रावणी सोमवारी दादरच्या कुठल्याही मालवणी हॉटेलात हव्या त्या टेबलावर बसा, मालक स्वतः येऊन पाणी देईल.

*

लालबाग, परळ. गिरणगावात हॉटेलापेक्षा खानावळ महत्त्वाची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई पंचवीस-तीस गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घाले. सावकाराकडून उचल, वाण्याकडे उधारी, पगाराच्या दिवशी वसुली. सातारा-कोल्हापूरकडचा कामगार वेगळ्या बाईकडे, कोकणातला वेगळ्या. रश्शात खोबरे ओले की सुके, यावर खानावळ ठरे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाच्या दारापर्यंत नेले. मुंबईतल्या बाहेरच्या जेवणाचा इतिहास लिहिताना आपण इराण्याच्या संगमरवरी टेबलाचे कौतुक करतो. या बायकांच्या खोल्यांना पाटीच नव्हती म्हणून त्या वगळल्या जातात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरण्या परत नीट उभ्या राहिल्या नाहीत. कामगार गावी गेला आणि खानावळवालीची थकलेली उधारीही त्याच्याबरोबर गेली.

गिरण्यांच्या जागी आता मॉल, कचेऱ्या आणि रेस्टॉरंटे. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसे मेली. त्या आवारात जेवायला मी जातो. जेवण वाईट नसते. बाहेर पडण्याचा रस्ता आधी बघून ठेवतो.

*

लालबागचे जे टिकले ते: ‘क्षीरसागर हिंदू हॉटेल’मधले मटण आणि वडे, भारतमाता सिनेमाजवळचे ‘लाडू सम्राट’ (लाडूंपेक्षा तिथला वडा आणि मिसळ माझ्या आवडीची), चिवडा गल्ली, मसाल्याच्या गिरण्या. एप्रिलमध्ये गल्लीत पाऊल टाकले की शिंका येतात. बायका स्टुलावर बसून आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटून घेतात, कारण विश्वास ही वेगळी गोष्ट आणि मसाला ही वेगळी.

‘हिंदू हॉटेल’ ही पाटी आता कुणी वाचत नाही, पण एके काळी कोणी कुठे बसायचे ते पाट्या सांगत. ‘ब्राह्मणाचे’, ‘हिंदू’, ‘मुसलमानी’. न लिहिलेलेही पुष्कळ असे. कित्येकांना पाणी वरून ओतले जाई. शहरात आल्यावर जात सुटते म्हणणाऱ्यांनी जुन्या पाट्यांचे फोटो पाहावेत.

*

इराणी. येझ्द आणि केरमानकडून आलेले, बहुतेक झरथुष्ट्री. कोपऱ्यावरचा गाळा हिंदू व्यापारी अशुभ समजून घेत नसत आणि तो इराण्याला स्वस्तात मिळे, ही गोष्ट सगळेच सांगतात. कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांवरून गिऱ्हाईक, हे इराण्याला नक्की कळले होते. वरच्या पाट्यांच्या जमान्यात त्याच्या दुकानी कुणीही यावे, चार आणे टाकावेत, बसावे. उठवायला कुणी येत नसे, म्हणून बेकारांचे, कवींचे, युनियनवाल्यांचे आणि सट्टेवाल्यांचे ते ऑफिस झाले.

‘कयानी’ १९०४, मेट्रो सिनेमासमोर. ‘बी. मेरवान’ १९१४, ग्रँट रोड स्टेशनला लागून. मावा केक सकाळीच संपतो. २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा आयुष्यात कधी तिथे न गेलेली माणसेही निरोपाला रांगेत उभी होती. दुरुस्तीनंतर मेरवान पुन्हा उघडले. त्या रांगेतले किती परत आले, ते गल्ल्यावरच्या माणसाला विचारावे.

‘ब्रिटानिया’, बॅलार्ड इस्टेट, १९२३. दुसऱ्या महायुद्धात जागा लष्कराने घेतली होती. बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत आणि इंग्लंडच्या राणीची खुशाली सांगत. २०१९ मध्ये ते गेले. बेरी पुलावातली लाल आंबट बेरी इराणहून येते. पुलाव चांगला, धनसाक त्याहून चांगले, कॅरॅमल कस्टर्ड सगळ्यांत चांगले. रात्री बंद. बॅलार्ड इस्टेटमध्ये रात्री कोण असते?

*

कवी अरुण कोलटकर काळा घोड्याच्या ‘वेसाईड इन’मध्ये खिडकीशी बसत. समोरच्या वाहतूक बेटावर सकाळी इडलीवाली येते आणि भोवती भुकेलेली वस्ती जमते, हे त्यांनी तिथून पाहिले आणि २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये ती न्याहारी आणली. हॉटेलात बसून हॉटेलात न बसू शकणाऱ्यांचे जेवण लिहिणारा दुसरा कुणी मला ठाऊक नाही. ‘वेसाईड इन’ बंद झाल्यावर मित्रांचा अड्डा ‘मिलिटरी कॅफे’त गेला. ‘मिलिटरी’ १९३३ चे. तिथला खिमा पावाबरोबर दुपारी खावा. गार बीअर हवी असेल तर तीही आहे.

*

‘बाहेरवाला’: इराण्याकडून आसपासच्या कचेऱ्यांत चहा पोचवणारा पोऱ्या. तारेच्या जाळीत सहा ग्लास, एकही थेंब न सांडता तीन जिने.

*

धोबी तलाव. गोव्याच्या गावांचे ‘कूड’ इथे होते, काही अजून आहेत. जहाजावर नोकरी लागेपर्यंत किंवा रजेवरून परतताना गोंयकार आपल्या गावाच्या कुडात उतरे. आत लाकडी पेट्यांची रांग, एक क्रूस, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. जेवण स्वतः करायचे, किंवा बाजूच्या छोट्या गोवन हॉटेलात. तिथे सोरपोतेल, शाकुती, भात आणि आंबोट-तीख, खुर्च्या चारच. ही हॉटेले एकेक करून गेली, कारण जहाजावरचा खलाशी आता थेट दाबोळीच्या विमानतळावर उतरतो. हॉटेल त्याचे ज्याची चूल दूर, या माझ्या नियमात हे बसते. समाधान मात्र नाही.

*

गिरगाव. खोताच्या वाडीतले ‘अनंताश्रम’ बंद झाले त्याला बरीच वर्षे झाली, तरी गिरगावकर अजून पत्ता त्यावरूनच सांगतात. गोमंतकी मासे, मोजका वेळ, आणि जेवून झाले की उठा, हा बाणा. ठाकुरद्वारचे ‘विनय हेल्थ होम’ आहे. मिसळ बरी, तिखट बेताचे. चाळी पडल्या, टॉवर आले. टॉवरातल्या वरच्या मजल्यावरच्यांना मिसळ बहुधा खाली उतरून खायची नसते.

*

काळबादेवी. पेढीवर नोकरीला आलेला काठियावाडी, कच्छी, मारवाडी तरुण इथे जेवला. ‘श्री ठाकर भोजनालय’ १९४५ पासून दादीशेठ अग्यारी गल्लीत, वरच्या मजल्यावर. ‘फ्रेंड्स युनियन जोशी क्लब’ जवळच. बसलात की पोळी येते, संपायच्या आत दुसरी. नको म्हणायला दोन्ही हात पानावर आडवे धरावे लागतात आणि बोटांच्या फटीतून तूप पडते. आंबरसाच्या दिवसांत गेलो तर नंतरची दुपार कुठल्याच कामाची राहत नाही.

‘भगत ताराचंद’ झवेरी बाजारात. मूळ १८९५ चे, कराचीतले. फाळणीनंतर इकडे आले. ताक बीअरच्या बाटलीतून देतात, तेव्हा मारवाडी आजोबाही बाटली तोंडाला लावून बसलेले दिसतात.

*

फाळणीचा नकाशा पुढे सायन आणि चेंबूरपर्यंत. सायन कोळीवाड्यात निर्वासितांची छावणी पडली. पंजाब्यांनी डाळीचे पीठ, ओवा, लाल तिखट लावून कोळंबी तळली आणि ती देशभरच्या मेन्यूकार्डांवर ‘प्रॉन्स कोळीवाडा’ झाली. कुठल्याही कोळणीच्या घरी ती तशी होत नाही. कोळ्यांच्या नावाचा एकच पदार्थ प्रसिद्ध झाला, तो पंजाब्यांचा.

सायनच्या ‘गुरुकृपा’चे सामोसे सिनेमागृहांत जात, मध्यंतरात खाल्लेला सामोसा तिथला आहे हे अनेकांना माहीतच नसे. चेंबूर कॅम्पात ‘विग’मध्ये सकाळी दाल-पकवान. पकवान कडकडीत, डाळ पातळ, वर चिंच आणि कच्चा कांदा. सिंधी सोडून इतरांनी हा नाश्ता कसा उचलला नाही याचे नवल वाटते. सकाळी सकाळी तळलेले खायला आपली ना कुठे आहे?

*

भेंडीबाजार, बोहरी मोहल्ला. ‘बारा हंडी’: एका भट्टीत पुरलेल्या हंड्या, रात्रभर मंद आचेवर. पाया, पिचोटा, नळी, भेजा, प्रत्येक हंडी वेगळी. गिऱ्हाईक सांगेल तशी दोन-तीन हंड्यांची मिसळ करून वाडग्यात. सोबत खमिरी रोटी. हे हिवाळ्याचे आणि पहाटेचे अन्न, हमाली करणाऱ्याला दुपारपर्यंत पुरणारे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून म्हशीवर भागते. जुने खाणारे नाक मुरडतात, नव्यांना फरक कळत नाही.

‘नूर मोहम्मदी’, १९२३. नल्ली निहारी, आणि ‘चिकन संजू बाबा’, ज्याची पाककृती संजय दत्तने दिली. भिंतीवर चित्रकार हुसेन यांचे चित्र. ‘ताज आइसक्रीम’चा सीताफळाचा संचा हाताने फिरवलेला.

रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत जाऊ नये, असे माझे मत. तेव्हा तिथे चव घ्यायला कमी आणि चव घेतानाचा फोटो घ्यायला जास्त लोक येतात. ईद उलटून महिना झाला की जावे. मालपुवा तोच, बसायला जागा आहे, आणि दुकानदाराला बोलायला वेळ. सगळा मोहल्ला पुनर्विकासात आहे. इमारती उंच होतील. भट्टी कितव्या मजल्यावर पुरतील?

*

ठाणे मुंबईत धरायचे की नाही यावर ठाणेकर भांडतील. तहसील कचेरीजवळची ‘मामलेदार मिसळ’ धरायचीच. १९४६ पासून, चालवणारे मुर्डेश्वर, म्हणजे मराठी तिखटाचा झेंडा कानडी मुलखातल्या घराण्याच्या हाती. कचेरीत सातबाराच्या कामाला आलेला खेडूत, पक्षकार, तलाठी हे मूळ गिऱ्हाईक. तेही एक रात्र घर सोडून आलेले. तिखटाच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीची बढाई बाळगण्यापेक्षा मधली घ्यावी.

*

पवई, अंधेरी पूर्व, मालाडचा माइंडस्पेस. इथे आता एकटी माणसे राहतात, पुरुष आणि बायका दोन्ही, पीजीत. त्यांचे बोर्डिंग फोनमध्ये. एका गाळ्यात पाच नावांची पाच हॉटेले: बिर्याणी, मोमो, ‘आईच्या हातची थाळी’, सगळ्यांची कढई एक. गिऱ्हाईक कधी येत नाही, त्यामुळे गाळा गटारावर असला तरी चालतो. ही हॉटेले पन्नास वर्षांनी कुणी शोधायला निघाला तर काय पाहील, असे मी एका तरुण सहकाऱ्याला म्हणालो. तो म्हणाला, “काका, रेटिंग पाहील.”

पण एका जागी शिजवून शहरभर पोचवणे नवे नाही. धारावीत तमिळ कुटुंबे पहाटे घराघरांत इडल्या लावतात आणि सायकली, डोक्यावरची पातेली आणि एक रबरी भोंगा घेऊन माणसे सगळ्या मुंबईत पसरतात. माझ्या गल्लीत भोंगा सातला वाजतो. इडली माटुंग्याइतकी हलकी नाही, चटणी पातळ आहे, पण वाढताना तो माणूस समोर उभा असतो आणि कालच्या चटणीबद्दल त्याला बोलता येते.

*

अपवाद सापडला, म्हणून लिहितो. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, कोळीवाड्यात जानेवारीच्या सुमारास कोळी सीफूड फेस्टिवल भरतो. स्टॉलवर कोळणीच. भरलेले पापलेट, खेकड्याचा रस्सा, तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, आणि हिशेब तोंडी. “कूपन आधी घे रे, मग उभा रहा,” असे सगळ्यांना एकेरीत. वर्षातले मोजके दिवस गाव स्वतः जेवण विकते आणि मग मंडप उतरतो. या बायकांना वर्षभराचे हॉटेल का काढत नाही, असे विचारले, तर एकीने मासे परतता परतता सांगितले की पहाटे बंदरावर लिलावाला कोण जाणार.

जाताना मेट्रोच्या वर्सोवा स्थानकावर उतरावे, पण ते सात बंगल्याला आहे; गावापर्यंत शेअर रिक्षा. रोख पैसे न्यावेत, सुटे.